लॅपटॉपचे वाय-फाय लिनक्सवर दिसत नाही? ड्रायव्हर ओळखणे, बसवणे आणि टिकवणे

लॅपटॉपवर उबंटू, मिंट किंवा डेबियन टाकले, सगळे नीट सुरू झाले, पण वाय-फायची खूणच दिसत नाही. मग कुठून तरी पाच-सहा कमांडची यादी मिळते. ती टर्मिनलात चिकटवली की पुष्कळदा वाय-फाय सुरूही होते. तीन आठवड्यांनी कर्नलचे, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचे, अपडेट येते आणि ते पुन्हा गायब. अशा वेळी पहिली यादी पुन्हा चालवण्यात अर्थ नसतो, कारण बिघाड नेमका कुठे होता हे तेव्हाही पाहिलेले नसते. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, असा हा प्रकार.

विंडोजची सवय असलेल्यांना ड्रायव्हर म्हणजे कंपनीच्या साइटवरून उतरवायची वेगळी फाइल वाटते. लिनक्समध्ये बहुतेक ड्रायव्हर कर्नलच्या आतच असतात, मॉड्यूलच्या, म्हणजे लागेल तेव्हा जोडायच्या तुकड्यांच्या, रूपात. मॉड्यूल ज्या कर्नलसाठी बांधले त्याच कर्नलवर चालते. कर्नलची नवी आवृत्ती साधारण नऊ-दहा आठवड्यांनी निघते आणि आतले जोड मुद्दाम बदलते ठेवलेले असतात. म्हणून बाहेरून आणलेला ड्रायव्हर हा शेवटचा पर्याय समजावा. आधी कर्नलमध्ये तो आहे का, मग फर्मवेअर (कार्डाचा स्वतःचा प्रोग्राम) आहे का, मग नव्या कर्नलमध्ये मिळेल का, हे पाहावे. त्यानंतरच बाहेरचे पॅकेज.

कमांड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टाइप करताना रोमन लिपीतली छोटी अक्षरे आणि रोमन आकडे वापरा. मोठी अक्षरे लागतात तिथे तसे सांगितले आहे. फाइलच्या नावाची पहिली काही अक्षरे टाकून टॅब दाबली की उरलेले नाव टर्मिनल स्वतः भरते, त्यामुळे स्पेलिंगच्या चुका टळतात.

आधी इंटरनेटची सोय

वाय-फाय बसवायला इंटरनेट हवे आणि इंटरनेटला वाय-फाय. यातून सुटका अँड्रॉइड फोन करतो. फोन यूएसबी केबलने लॅपटॉपला जोडा आणि सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा. त्याला लागणारा ड्रायव्हर कर्नलमध्ये असतोच, काही सेकंदांत ‘वायर्ड’ जोडणी दिसते. फोन घरच्या वाय-फायवर असेल तर तेच इंटरनेट केबलमधून लॅपटॉपला मिळते आणि मोबाइल डेटा खर्च होत नाही. टेदरिंगचे बटण फिकट राहिले, दाबलेच जात नसेल, तर केबल बदलून पाहा. काही स्वस्त केबलींत फक्त चार्जिंगच्या तारा असतात.

रोजच्या दीड जीबीच्या पॅकवर हे करायचे असेल तर अंदाज घेऊन बसा. उबंटूचे लिनक्स-फर्मवेअर हे एकच पॅकेज चार-पाचशे एमबीच्या घरात जाते. कंपायलर (सोर्सपासून प्रोग्राम बांधणारे साधन) आणि हेडर (कर्नलसाठी मॉड्यूल बांधायला लागणाऱ्या फाइली) मिळून शंभर एमबीच्या आसपास होतात.

कार्ड कोणते, हे त्याच्या नंबरावरून ओळखा

लॅपटॉपच्या मॉडेलवरून ड्रायव्हर शोधू नका. एकाच मॉडेलमध्ये एका खेपेला इंटेलचे कार्ड असते, दुसऱ्या खेपेला रिअलटेकचे. टर्मिनल उघडून ही कमांड द्या:

एलएसपीसीआय -एनएनके

लांबलचक यादी येईल. तिच्यात ‘नेटवर्क कंट्रोलर’ ही ओळ शोधा. ‘इथरनेट कंट्रोलर’ म्हणजे केबलचे पोर्ट, ते वेगळे. ओळीच्या शेवटी चौकटी कंसात कोलनने जोडलेले दोन भाग असतात, उदाहरणार्थ १०ईसी:सी८२१. पहिला भाग कंपनीचा: १०ईसी रिअलटेक, ८०८६ इंटेल, १४ई४ ब्रॉडकॉम, १६८सी अ‍ॅथेरॉस, १४सी३ मीडियाटेक. दुसरा भाग चिपचा. शोध घेताना हाच नंबर टाका.

आता त्याखालच्या ओळी वाचा. ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ अशी ओळ असेल तर ड्रायव्हर लागलेला आहे, दुखणे दुसरीकडे आहे. फक्त ‘कर्नल मॉड्यूल्स’ ही ओळ असेल तर मॉड्यूल डिस्कवर आहे, पण कार्डाला चिकटलेले नाही. अशा वेळी फर्मवेअर, ब्लॅकलिस्ट (मॉड्यूल अडवणारी यादी) किंवा सिक्युअर बूट (सही नसलेले मॉड्यूल नाकारणारी सोय) यांपैकी काहीतरी आडवे येत असते. दोन्ही ओळी नसतील तर या कर्नलला हे कार्ड ठाऊकच नाही. आणि कार्डच यादीत नसेल तर एलएसयूएसबी ही कमांड देऊन पाहा, नाहीतर बायोसमध्ये, म्हणजे लॅपटॉप सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये, वायरलेस बंद केलेले आहे का ते तपासा.

ड्रायव्हर लागलेला असेल तर सर्वांत आधी:

आरएफकिल लिस्ट

‘सॉफ्ट ब्लॉक्ड: येस’ दिसले तर सुडो आरएफकिल अनब्लॉक ऑल एवढे पुरते. सुडो म्हणजे कमांड प्रशासकाच्या अधिकाराने चालवणे. ‘हार्ड ब्लॉक्ड: येस’ म्हणजे बाजूचे बटण किंवा एफएन सोबतची कळ दाबलेली आहे. ते कमांडने सुटत नाही. विंडोजही त्याच लॅपटॉपवर असेल तर विंडोजमधले फास्ट स्टार्टअप बंद करा. त्यात विंडोज पूर्ण बंद न होता अर्धवट झोपते आणि काही कार्डे त्या अवस्थेतून लिनक्सच्या हाती नीट येत नाहीत.

फर्मवेअर: ड्रायव्हर आहे, पण कार्ड मुके

कार्डावर स्वतःचा छोटा प्रोसेसर असतो. त्याचा प्रोग्राम, म्हणजे फर्मवेअर, दर वेळी सुरू होताना ड्रायव्हर /लिब/फर्मवेअर या फोल्डरमधून उचलून कार्डात भरतो. ती फाइल नसेल तर ड्रायव्हर असूनही काही उपयोग नाही. तपासण्यासाठी:

सुडो डीमेसेज | ग्रेप -आय फर्मवेअर

यातल्या पहिल्या कमांडचे खरे स्पेलिंग डी-एम-ई-एस-जी. ‘फेल्ड’ आणि शेजारी उणे २ हा आकडा दिसला तर अर्थ साधा आहे: फाइल सापडली नाही. पण इंटेलच्या कार्डांबाबत घाई करू नका. आयडब्ल्यूएलवायफाय हा ड्रायव्हर फर्मवेअरच्या सर्वांत नव्या आवृत्तीपासून एकेक खाली उतरत शोधतो, त्यामुळे ‘फेल्ड’च्या दोन-चार ओळी येऊन मग ‘लोडेड फर्मवेअर व्हर्जन’ अशी ओळ येते. ती आली असेल तर वरच्या ओळी विसरा.

उबंटू आणि मिंटवर सुडो एपीटी इन्स्टॉल लिनक्स-फर्मवेअर पुरते. डेबियनवर ते तुकड्यांत मिळते: इंटेलसाठी फर्मवेअर-आयडब्ल्यूएलवायफाय, रिअलटेकसाठी फर्मवेअर-रिअलटेक. जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून हे फर्मवेअर इन्स्टॉलरसोबतच येते. डेबियन ११ वर मात्र सोर्सेस.लिस्ट फाइलमध्ये नॉन-फ्री हा विभाग आधी जोडावा लागतो.

कर्नलच जुना असेल तर कर्नल बदला

नव्या लॅपटॉपवर बहुतेकांची चूक इथे होते. आधी चालू कर्नल पाहा: युनेम -आर. मग ही यादी पाहा, कर्नलच्या कोणत्या आवृत्तीपासून कोणते कार्ड आपोआप चालते त्याची:

रिअलटेक आरटीएल८७२३डीई: ५.८
रिअलटेक आरटीएल८८२१सीई: ५.९
इंटेल एएक्स२१०: ५.१०
मीडियाटेक एमटी७९२१: ५.१२
रिअलटेक आरटीएल८८५२एई: ५.१६
रिअलटेक आरटीएल८८५२बीई: ६.२

समजा उबंटू २२.०४ आहे, कर्नल ५.१५ आहे आणि कार्ड आरटीएल८८५२बीई. लोक लगेच गिटहब या सोर्स ठेवण्याच्या साइटवरून ड्रायव्हर उतरवून कंपाइल करायला बसतात आणि मग दर अपडेटला तेच करत राहतात. इथे खरे औषध एका ओळीचे आहे:

सुडो एपीटी इन्स्टॉल लिनक्स-जेनेरिक-एचडब्ल्यूई-२२.०४

याने त्याच उबंटूवर ६.८ हा कर्नल येतो. एचडब्ल्यूई म्हणजे नव्या हार्डवेअरसाठी उबंटूने दिलेली नव्या कर्नलची मालिका. रीबूट करा, कार्ड आपोआप दिसेल. पुढच्या अपडेटची काळजीही उरत नाही, कारण ड्रायव्हर आता कर्नलचाच भाग आहे.

बाहेरचा ड्रायव्हर: डीकेएमएसनेच बसवा

काही कार्डांना मात्र कर्नलमध्ये ड्रायव्हर नाहीच. नमुना म्हणून ब्रॉडकॉम बीसीएम४३१४२ घ्या, नंबर १४ई४:४३६५. दहा-बारा वर्षांपूर्वीच्या कितीतरी स्वस्त लॅपटॉपांत हे कार्ड आहे आणि सेकंड हँड बाजारात ते लॅपटॉप अजून फिरतात. त्याला ब्रॉडकॉमचा डब्ल्यूएल हा ड्रायव्हर लागतो. त्याची आवृत्ती ६.३०.२२३.२७१, २०१५ सालची. त्यानंतर कंपनीने नवी काढली नाही. उबंटू आणि डेबियनवाले तिला ठिगळे लावत नव्या कर्नलवर चालवतात.

अशा ड्रायव्हरसाठी डीकेएमएस वापरतात. डेलच्या लिनक्स विभागाने २००३ मध्ये लिहिलेली ही व्यवस्था. ड्रायव्हरचा सोर्स /यूएसआर/एसआरसी मध्ये ठेवला जातो आणि नवा कर्नल आला की डीकेएमएस त्याच्यासाठी मॉड्यूल पुन्हा बांधतो. नुसते ‘मेक इन्स्टॉल’ केले तर मॉड्यूल फक्त आजच्या कर्नलपुरते बांधले जाते. ‘अपडेटनंतर वाय-फाय गेले’ ही तक्रार बहुतेक वेळा तिथूनच येते.

बांधकामाला तीन गोष्टी लागतात: कंपायलर, डीकेएमएस आणि कर्नलचे हेडर. उबंटू-मिंटवर सगळे एकत्र:

सुडो एपीटी अपडेट
सुडो एपीटी इन्स्टॉल बिल्ड-इसेन्शियल डीकेएमएस लिनक्स-हेडर्स-जेनेरिक बीसीएमडब्ल्यूएल-कर्नल-सोर्स

डेबियनवर शेवटच्या दोन नावांऐवजी लिनक्स-हेडर्स-एएमडी६४ आणि ब्रॉडकॉम-एसटीए-डीकेएमएस.

हेडरच्या नावात घोडे पेंड खाते. फक्त आजच्या कर्नलच्या नंबराचे हेडर पॅकेज टाकले तर आज काम होते, पण पुढच्या कर्नलचे हेडर आपोआप येत नाहीत आणि डीकेएमएस तेव्हा गप्प बसतो. ‘जेनेरिक’ नावाचे पॅकेज नव्या कर्नलसोबत नवे हेडर ओढून आणते. एचडब्ल्यूई कर्नल वापरत असाल तर हेडरही त्याच मालिकेचे हवेत: लिनक्स-हेडर्स-जेनेरिक-एचडब्ल्यूई-२२.०४.

इन्स्टॉल झाले की डीकेएमएस स्टेटस ही कमांड द्या. ओळीत ड्रायव्हरचे नाव, कर्नलचा नंबर आणि शेवटी ‘इन्स्टॉल्ड’ हवे. ‘अ‍ॅडेड’ म्हणजे सोर्स फक्त नोंदला गेला, मॉड्यूल बांधलेच नाही. बहुतेक वेळा हेडर नसतात म्हणून. ‘बिल्ट’ म्हणजे बांधले, पण जागेवर ठेवले नाही. सगळे बरोबर असेल तर:

सुडो मॉडप्रोब डब्ल्यूएल

काही क्षणांत नेटवर्कची यादी दिसायला हवी. दिसली नाही आणि टर्मिनलात ‘की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस’ असे आले, तर पुढचा भाग तुमच्यासाठी आहे.

सिक्युअर बूट आणि तो निळा पडदा

सिक्युअर बूट चालू असेल तर कर्नल फक्त सही असलेली मॉड्यूल्स आत घेतो. तुमच्या लॅपटॉपवर बांधलेल्या मॉड्यूलवर डीकेएमएस तुमच्याच मशीनची किल्ली वापरून सही करतो. पण ही किल्ली विश्वासाची आहे हे लॅपटॉपच्या फर्मवेअरला एकदा, समोर बसून, सांगावे लागते. दुरून कोणी परस्पर किल्ली घुसवू नये म्हणून हे पाऊल हाताने करावे लागते.

स्थिती पाहा: मोकयूटील --एसबी-स्टेट. ‘सिक्युअरबूट एनेबल्ड’ आले तर उबंटूवर:

सुडो मोकयूटील --इम्पोर्ट /व्हीएआर/लिब/शिम-साइन्ड/मोक/मोक.डीईआर

शेवटच्या फाइलच्या नावातली पहिली तीन अक्षरे मोठी, बाकी सगळे छोटे. डेबियनवर फाइल /व्हीएआर/लिब/डीकेएमएस/मोक.पब ही आहे, सगळी छोटी अक्षरे. कमांड दोनदा पासवर्ड मागते. हा लॉगिनचा पासवर्ड नव्हे, एकदाच वापरायचा आहे. आठ-दहा साधी छोटी अक्षरे ठेवा आणि कागदावर लिहा. पुढच्या पडद्यावर कीबोर्ड अमेरिकी मांडणीचा धरला जातो. भारतात घेतलेल्या लॅपटॉपवर फरक पडत नाही, पण जर्मनीत घेतलेल्या लॅपटॉपवर वाय आणि झेड या कळांची अदलाबदल होते, तेव्हा ती दोन अक्षरे टाळलेली बरी.

आता रीबूट करा आणि पडद्यावरून नजर हलवू नका. लिनक्स सुरू होण्याआधी निळा पडदा येतो, ‘प्रेस एनी की टू परफॉर्म मोक मॅनेजमेंट’. मोक म्हणजे मशीनच्या मालकाची किल्ली. दहा सेकंदांत कळ दाबली नाही तर लॅपटॉप सरळ पुढे बूट होतो. नवखे लोक चहा आणायला उठतात ते नेमके याच वेळी. तसे झाले तर इम्पोर्टची कमांड पुन्हा द्या. कळ दाबल्यावर क्रम असा: एन्रोल मोक, कंटिन्यू, येस, मग कागदावरचा पासवर्ड. टाइप करताना अक्षरे दिसत नाहीत, ते ठीक आहे. शेवटी रीबूट.

हे एकदाच. पुढच्या कर्नलसाठी बांधलेल्या मॉड्यूलवर त्याच किल्लीने सही होते. लिनक्स नव्याने टाकले तर किल्ली नवी बनते आणि हा खेळ पुन्हा. बायोसमध्ये जाऊन सिक्युअर बूटच बंद करणे हाही मार्ग आहे, पण शेजारी बिटलॉकर (डिस्क एन्क्रिप्ट करणारी सोय) लावलेले विंडोज असेल तर ते पुढच्या बूटला ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकते. ती हाताशी नसेल तर बायोसला हात लावू नका.

बांधकाम फसले तर

‘बॅड रिटर्न स्टेटस’ अशी ओळ आली की इन्स्टॉलरचा पडदा वाचत बसू नका. खरा मजकूर /व्हीएआर/लिब/डीकेएमएस मध्ये ड्रायव्हरच्या नावाखाली, आवृत्तीखाली, बिल्ड फोल्डरमधल्या मेक.लॉग या फाइलमध्ये असतो. ती उघडून ‘एरर:’ हा शब्द असलेली पहिली ओळ शोधा. शेवटच्या ओळी फक्त कोसळल्याचे सांगतात, का कोसळले ते पहिली ओळ सांगते.

उबंटू २२.०४ वर एक चूक हमखास भेटते: ‘अनरेकग्नाइझ्ड कमांड-लाइन ऑप्शन’ आणि पुढे ‘ट्रिव्हियल-ऑटो-व्हार-इनिट’. त्या उबंटूचा नेहमीचा कंपायलर जीसीसी ११ आहे, पण त्यावरचे ६.५ आणि पुढचे कर्नल जीसीसी १२ ने बांधलेले आहेत. जुना कंपायलर नवा पर्याय ओळखत नाही. सुडो एपीटी इन्स्टॉल जीसीसी-१२ करा आणि मग सुडो डीकेएमएस ऑटोइन्स्टॉल.

लॉगमध्ये एखादे फंक्शन सापडत नाही किंवा त्याला दिलेल्या गोष्टींची संख्या जुळत नाही असे असेल, तर ड्रायव्हरचा सोर्स तुमच्या कर्नलपेक्षा जुना आहे. पॅकेज अपडेट येईपर्यंत जुन्या कर्नलवर राहा. गिटहबवरून सोर्स घ्यायचाच असेल तर शेवटचा बदल कधी झाला आणि कोणत्या कर्नलपर्यंत चालतो असे लिहिले आहे, हे आधी पाहा. दोन वर्षे हात न लागलेला सोर्स म्हणजे आगीतून फुफाट्यात.

चालते, पण सारखे तुटते

आरटीएल८८२१सीई कर्नलच्या ड्रायव्हरवर चालते, पण काही लॅपटॉपांवर दर थोड्या वेळाने जोडणी सुटते. दोष वीज वाचवण्याच्या व्यवस्थेत असतो: कार्ड झोपते आणि वेळेवर जागे होत नाही. /ईटीसी/मॉडप्रोब.डी मध्ये वायफाय.कॉन्फ नावाची फाइल करून तिच्यात ही ओळ टाका:

ऑप्शन्स आरटीडब्ल्यू८८_पीसीआय डिसेबल_एएसपीएम=वाय

फाइलचे नाव .कॉन्फने संपले नाही तर ती वाचलीच जात नाही, आणि तसे कोणी सांगतही नाही. कोणत्या मॉड्यूलला कोणते पर्याय आहेत हे मॉडइन्फो -पी आणि मॉड्यूलचे नाव दिले की कळते. आरटीएल८८५२बीईच्या मॉड्यूलचे, म्हणजे आरटीडब्ल्यू८९_पीसीआयचे, पर्याय वेगळे आहेत: डिसेबल_एएसपीएम_एल१ आणि डिसेबल_एएसपीएम_एल१एसएस. बदलानंतर लॅपटॉप पूर्ण बंद करून चालू करा. बॅटरी थोडी जास्त खर्च होईल.

राउटरला खेटून बसले तरच रेंज येते, शेजारच्या खोलीत गेले की शून्य? कार्ड आरटीएल८७२३बीई असेल तर कारण जवळपास ठरलेले आहे. कार्डाला अँटेनाच्या दोन जागा, लॅपटॉपमध्ये अँटेना एकच, आणि ड्रायव्हर रिकाम्या जागेवर ऐकत बसलेला. त्याच फाइलमध्ये ऑप्शन्स आरटीएल८७२३बीई एएनटी_एसईएल=२ लिहा, फरक पडला नाही तर २ च्या जागी १.

देखभाल

बाहेरचा ड्रायव्हर असलेल्या लॅपटॉपवर कर्नलचे अपडेट झाले की रीबूट करण्याआधी डीकेएमएस स्टेटस पाहायची सवय लावा. नव्या कर्नलच्या नंबरापुढे ‘इन्स्टॉल्ड’ दिसले की खुशाल रीबूट करा. नसेल तर हेडर तपासा, लॉग वाचा, तोवर चालू कर्नल सोडू नका.

आधीच रीबूट झाले असेल तरी बिघडले नाही. सुरू होताना एस्केप, जुन्या बायोसवर शिफ्ट, दाबून ग्रबची, म्हणजे कोणता कर्नल सुरू करायचा ते निवडण्याची, यादी आणा. ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये आधीचा कर्नल असतो. म्हणून जुना कर्नल लगेच काढून टाकू नका. एपीटीचा ऑटोरिमूव्ह स्वतःच एक मागचा राखतो. फक्त डिस्क एन्क्रिप्ट केली असेल तर /बूट हे वेगळे, छोटे पार्टिशन असते आणि ते भरले की नवा कर्नल अर्धवट बसतो. डीएफ -एच /बूट मधून किती जागा उरली ते कळते.

डीकेएमएस फसल्यामुळे एपीटी अडकले असेल, काहीही इन्स्टॉल होत नसेल, तर फसलेले ड्रायव्हर पॅकेज काढा आणि सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए द्या. अडलेला कर्नल पूर्ण बसेल.

कर्नलमध्ये तुमच्या कार्डाचा ड्रायव्हर आला की बाहेरचा काढून टाका. दोन्ही राहिले तर एकाच कार्डावर हक्क सांगतात आणि दर बूटला कोण जिंकेल याचा भरवसा नसतो. सोबत /ईटीसी/मॉडप्रोब.डी मधल्या जुन्या ‘ब्लॅकलिस्ट’ ओळीही पुसा, नाहीतर कर्नलचा चांगला ड्रायव्हर तुम्हीच अडवून ठेवाल.

एनव्हीडियाच्या ग्राफिक्सला हेच नियम लागतात, फक्त कमांड वेगळी: उबंटूवर सुडो उबंटू-ड्रायव्हर्स इन्स्टॉल. साइटवरची .रन फाइल घेऊ नका. एमएक्स१५० किंवा जीटीएक्स १०५० असेल तर ५८० ही त्या कार्डासाठी ड्रायव्हरची शेवटची मालिका आहे, त्यापुढची टाकू नका. फेडोरावर डीकेएमएसऐवजी एकेमॉड्स असते. पॅकेज बसल्यावर मॉड्यूल मागे बांधले जात असते, तेव्हा पाच मिनिटे थांबा आणि मॉडइन्फो -एफ व्हर्जन एनव्हीडिया (इथे एफ मोठे अक्षर) ने आवृत्ती दिसली की मगच रीबूट करा.

इतके करूनही कार्ड त्रास देत असेल तर कार्डच बदला. एम.२ कार्ड एका स्क्रूवर असते. इंटेल एएक्स२१० घ्या. एएक्स२०१ आणि एएक्स२११ दिसायला तसेच असतात, पण ते फक्त ठरावीक इंटेल प्रोसेसरांसोबत चालतात, एएमडीच्या लॅपटॉपवर मुळीच नाही. काही जुन्या लॅपटॉपांचे बायोस परके कार्ड नाकारते, ते घेण्याआधी तपासा. बॅटरीची तार काढून मगच काम करा. अँटेनाचे गोल कनेक्टर तांदळाच्या दाण्याहून लहान असतात. सरळ वर उचलून काढा आणि बसवताना बारीक ‘टक्’ ऐकू येईपर्यंत नखाने सरळ खाली दाबा.